टेस्टर घ्यायचाय, पण आधी कुठला? फार्महाऊसच्या नळाने दिलेला धडा



चौकातल्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आठवड्यातून एक तरी मुलगा येतो आणि विचारतो, "सर, मेगर घ्यायचाय, कुठला घेऊ?" आयटीआय झालेलं असतं, वायरमन परवाना हातात असतो, कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्टची कामं वाढलेली दिसत असतात. प्रश्न बरोबरच आहे. पण मी उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारतो, "त्याच्यावर आलेला आकडा वाचता येतो का?"

मशीन विकत घेता येतं, आकडा वाचणं शिकावं लागतं. आणि तुमच्या धंद्यात पैसे मिळतात ते आकड्याचे. आजचा लेख याच्यावर आहे.

आधी माझी चूक सांगतो

मी बीबीए केलेला माणूस. इलेक्ट्रिशियन नाही. दुकान सुरू केल्यावर वाटलं, नुसत्या वायर आणि स्विच विकून भागणार नाही, सर्व्हिस द्यायला हवी. म्हणून एक परवानाधारक वायरमन काका सोबत घेतले आणि हप्त्यावर सगळ्यात मोठं मल्टिफंक्शन टेस्टर घेतलं. एकाच डब्यात इन्सुलेशन, कंटिन्युइटी, लूप, आरसीसीबी, अर्थ, सगळं. पहिले आठ महिने त्याच्या नॉबवरच्या दोनच खुणा आम्ही वापरल्या. बाकीच्यांचा हप्ता भरत राहिलो.

पहिल्याच मोठ्या कामात काकांना विचारायचं सोडून मी स्वतःच बटण दाबलं. मेन बंद होता, पण दिवे, पंख्याचे रेग्युलेटर, पाण्याचा फिल्टर सगळं जोडलेलंच होतं. ५०० व्होल्टची टेस्ट मारली. चार एलईडी ड्रायव्हर आणि फिल्टरचं कार्ड गेलं. मशीनचा काही दोष नव्हता, पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पुस्तक उघडलंच नव्हतं. भरपाई खिशातून दिली.

तेव्हापासून नियम केला, नवं मशीन आलं की पहिला आठवडा ते गिऱ्हाइकाच्या घरी जाणार नाही.

मग तो नळ

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कर्जत रस्त्याला एका फार्महाऊसवर दिवे बदलायला गेलो होतो. तिथे राखणदाराचं कुटुंब राहतं. काम संपताना वहिनी म्हणाल्या, "दादा, पंपाजवळच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, तुला भास होतो."

साहेबांना फोन लावला. त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. "अहो, आरसीसीबी बसवलाय. टेस्टचं बटण दाबलं की पडतो. लाइटमध्ये प्रॉब्लेम असता तर पडला नसता का?"

काकांनी मेन बंद करून पंपाची वायर सोडली आणि ५०० व्होल्टवर वाइंडिंग ते बॉडी मोजलं. ०.१ मेगाओहम. मग पंपापासून अर्थच्या खड्ड्यापर्यंत कंटिन्युइटी बघितली. जोडच नाही. खड्ड्यावरचा नटबोल्ट गंजून वायर सुटलेली होती.

आता हा आकडा वाचूया. ०.१ मेगाओहम म्हणजे एक लाख ओहम. २३० व्होल्टला एक लाखाने भागा, साधारण २.३ मिलिअँपिअर येतात. अर्थची वायर धड असती तर हा करंट गुपचूप जमिनीत गेला असता. ती तुटलेली, म्हणून पंपाच्या बॉडीवरून लोखंडी पाइपात आणि पाइपावरून वहिनींच्या हातात. साधारण एक मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला मुंग्या जाणवायला लागतात. म्हणजे भास नव्हता.

आणि आरसीसीबी? तो चांगलाच होता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी २.३ ला पडणार नाही, पडायलाही नको. त्याचं टेस्ट बटण आतल्या आत गळती तयार करून यंत्रणा चालते का तेवढंच बघतं. तुमचा अर्थ जोडलेला आहे की नाही, हे त्या बटणाला कळत नाही.

पुढचं गणित जास्त महत्त्वाचं. पावसात वाइंडिंगला ओल धरली आणि ०.१ चं ०.०२ झालं, तर करंट ११-१२ मिलिअँपिअरपर्यंत जातो. एवढ्याला माणसाचा हात आखडू शकतो, नळ सोडवत नाही. आणि आरसीसीबी तरीही पडणार नाही. पावसाळ्याला तीन आठवडे उरले होते.

आम्ही दोन्ही आकडे कागदावर लिहिले, फोटो काढला, साहेबांना पाठवला. जी गोष्ट वहिनी दोन महिने सांगत होत्या ती त्या कागदामुळे दहा मिनिटांत पटली. पंप रिवाइंडिंगला गेला, अर्थची पट्टी नवी टाकली. त्याच साहेबांनी नंतर पूर्ण घराची तपासणी करायला सांगितली, आणि तिथून आमचा तपासणीचा धंदा खरा सुरू झाला.

कुठला टेस्टर कशाला

"मेगर" हे खरं तर एका ब्रिटिश कंपनीचं नाव. १९०३ पासूनचा ट्रेडमार्क आहे. पण जसं वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे, तसं आपल्याकडे प्रत्येक इन्सुलेशन टेस्टरला मेगर म्हणतात. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं "मेगर द्या" म्हणू नका. काय मोजायचंय ते सांगा.

१. इन्सुलेशन टेस्टर. वायरचं कव्हर धड आहे का, करंट गळतो का, हे बघतो. घर, दुकान, छोटा पंप यासाठी ५०० व्होल्ट डीसीचा पुरतो, २५० ची रेंजही असेल तर उत्तम. सुरक्षेच्या विनियमांमधला ओळखीचा आकडा लक्षात ठेवा: ५०० व्होल्ट डीसी, एक मिनिट, किमान १ मेगाओहम. पण १ म्हणजे काठावर पास. नव्या वायरिंगला दहा-वीस-शंभर मेगाओहम यायला हवेत. नव्या घरात दीड आला तर बिल करू नका, कारण शोधा.

२. कंटिन्युइटी. अर्थची वायर शेवटच्या सॉकेटपर्यंत पोचते का ते बघायचं. चांगल्या इन्सुलेशन टेस्टरमध्ये ही सोय असते. साध्या मल्टिमीटरची बीप "जोड आहे" एवढं सांगते, जोड किती घट्ट ते सांगत नाही.

३. अर्थ टेस्टर. खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजतो. दोन खिळे जमिनीत ठोकायचे असतात. लांबचा ३० मीटरवर असेल तर मधला साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८-१९ मीटरवर. मग मधला दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे करून परत मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच विश्वास ठेवा. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. खिळा आत जात नाही. तिथे पाणी ओतून जागा भिजवा. आणि एक गोष्ट, अर्थ मे महिन्यात मोजा. जुलैत सगळं रान भिजलेलं असतं, तेव्हा प्रत्येक खड्डा हुशार दिसतो.

क्लॅम्पचा अर्थ टेस्टर बघून भुलू नका. खिळे ठोकायला नकोत हे खरं, पण करंटला फिरून यायला दुसरा अर्थ जोडलेला लागतो. एकट्या घराच्या एकट्या खड्ड्याला तो उपयोगाचा नाही.

४. आरसीसीबी आणि लूप टेस्टर. ३० मिलिअँपिअरचा साधा आरसीसीबी १५ ला पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडावा, १५० ला ४० च्या आत. लूप टेस्टर सांगतो की फॉल्ट झाल्यावर एमसीबी पडण्याएवढा करंट मिळेल का. ही दोन्ही कामं चालू लाइनवर होतात, म्हणून शेवटी शिकायची.

मी सुचवतो तो क्रम असा: चांगला टू-पोल व्होल्टेज टेस्टर, मग कंटिन्युइटीसकट ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, मग अर्थ टेस्टर. महिन्याला तपासणीची कामं ठरलेली यायला लागली की मग मल्टिफंक्शन. पहिली तीन मिळून काही हजारांचा खेळ आहे, शेवटचं लाखाच्या घरात जाऊ शकतं.

घेताना काय बघायचं

मोटवाने आणि ऋषभ नाशिकचे, कुसम-मेको मुंबईचं, बाहेरचे फ्लूक, क्योरित्सु, मेट्रेल आहेत. मी कुणाची जाहिरात करत नाही. तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि हे विचारा:

– बिघडलं तर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे? दुरुस्तीला किती दिवस?
– अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलंय का? मीटरच्या आणि सर्व्हिस लाइनच्या बाजूला काम असेल तर कॅट फोर लागतं.
– कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट एनएबीएल मान्यतेच्या लॅबचं आहे का? दरवर्षी परत करायला किती खर्च?
– लीड, प्रोब, खिळे डब्यात आहेत की वेगळे पैसे?

जुनं, हाताने फिरवायचं मशीन मिळालं तरी वाईट नाही. लीड मोकळ्या ठेवून फिरवा, काटा अनंताला जायला हवा. दोन्ही लीड जोडून हळू फिरवा, शून्यावर यायला हवा. डिजिटल असलं तरी रोज सकाळी ही तपासणी करा.

शिकायचं कसं

एका फळीवर छोटा बोर्ड बांधा: एमसीबी, आरसीसीबी, दोन सॉकेट, एक होल्डर. मग मुद्दाम दोष करा. एका वायरचं कव्हर सोला आणि ओल्या फडक्याने अर्थला टेकवा. एका सॉकेटचा अर्थ सोडा. मित्राला दोष करायला सांगा आणि तुम्ही नुसत्या आकड्यावरून शोधा. हे सगळं सप्लाय न जोडता करायचं, आणि पहिले काही दिवस अनुभवी वायरमन शेजारी हवाच.

गिऱ्हाइकाच्या घरी क्रम ठरलेला:

मेन बंद, शक्य तर कुलूप. टेस्टर आधी चालू ठिकाणी तपासा, मग बंद केलेली लाइन बघा, मग परत चालू ठिकाणी. लाइन मेली म्हणून दिवा लागत नाही की टेस्टर मेला म्हणून, हे असंच कळतं.

उपकरणं, बल्ब, इन्व्हर्टर, सर्ज प्रोटेक्टर, रेग्युलेटर बाजूला. जे काढता येत नाही तिथे फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजा. माझे चार ड्रायव्हर आठवा.

पहिली कंटिन्युइटी, मग इन्सुलेशन. मोजून झाल्यावर लाइन डिस्चार्ज होऊ द्या, लगेच हात लावू नका. मग अर्थ, खड्ड्याची वायर सोडायची असेल तर मेन बंदच हवा, आणि परत जोडल्याशिवाय चालू नाही. लूप आणि आरसीसीबी सगळ्यात शेवटी, कारण अर्थच नसेल तर ती टेस्ट मारताना घरातल्या धातूच्या वस्तूंवर व्होल्टेज येऊ शकतं. आणि आरसीसीबी पाडण्याआधी घरच्यांना सांगा, कुणाचा कॉम्प्युटर चालू असतो.

धंद्याचं गणित

समजा मशीन १८,००० चं, तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ६,०००. कॅलिब्रेशन, बॅटरी, प्रोब मिळून ४,००० धरा. वर्षाचे झाले १०,०००. प्रत्येक तपासणीतले २५० रुपये मशीनसाठी बाजूला काढले, तर वर्षाला ४० घरं हवीत. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. ४० घरं दिसत नसतील तर तीन-चार वायरमननी मिळून एक मशीन घ्या. भागीदारीत कॅलिब्रेशनची तारीख कोण सांभाळणार तेवढं आधी ठरवा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, मशीन घेतल्याने परवाना मिळत नाही. नव्या कनेक्शनसाठी महावितरणला लागणारा टेस्ट रिपोर्ट लायसन्स असलेल्या काँट्रॅक्टरचाच हवा. परवाना नसेल तर माझ्यासारखं परवानाधारक माणसाला सोबत घ्या, त्याला मान आणि योग्य हिस्सा द्या.

न मोजता आकडा कधीही लिहू नका. "सगळे लिहितात" हे ऐकू येईलच. आपल्या शेजारच्या खोपोलीतून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज जायला लागली. शंभर वर्षं वीज बघितलेला हा भाग, आणि आजही कित्येक घरांचा रिपोर्ट टेबलावर बसून भरलेला असतो. तुम्ही तारीख, मशीनचा नंबर, खरा आकडा आणि सही असलेला एक कागद दिलात तर तुमची जाहिरात तोच कागद करतो.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. अर्थचा खड्डा कुठे आहे ते शोधा आणि वायर खरंच जोडलेली आहे का ते नुसतं डोळ्यांनी बघा, हात लावू नका. मग घरातल्या बाईमाणसांना विचारा, कुठल्या नळाला, कुठल्या फ्रिजला मुंग्या येतात का. "हो" म्हणाल्या तर ते भास समजू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि मोजून घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. त्यात फळीवरचा सराव बोर्ड बांधून दाखवतो.