घास आपल्याच हाताने

माढा तालुक्यातले मोडनिंब असो की सोलापूर जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव, जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ती मोडायची, आमटीत कुस्करायची आणि बोटांनी घास करायचा. पक्षाघाताने एक हात लुळा पडला, संधिवाताने मूठ वळेना किंवा कंपवाताने हात थरथरू लागला, की ही रोजची कृतीच अवघड होते. मग घरी किंवा वृद्धाश्रमात कुणीतरी भरवू लागते. भरवून घेण्याचा संकोच वाटला किंवा अंगावर सांडण्याची लाज वाटली, की आजी-आजोबा अर्ध्या जेवणातच 'पुरे' म्हणतात. खाणे घटले की वजन उतरते, अशक्तपणा येतो, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

यावरचे उपाय साधे आहेत. बारीक दांड्याचा चमचा धरायला बोटे घट्ट मिटावी लागतात. दांडा जाड केला की तो सैल मुठीतही राहतो. सायकलच्या हँडलची रबरी मूठ दांड्यावर चढवली तरी भागते, आणि ती मोडनिंबसारख्या बाजारपेठेच्या गावात सहज मिळते. मूठ वळतच नसेल, तर चमचा पट्ट्याने तळव्याला बांधता येतो. एका हाताने जेवणाऱ्याला उभ्या काठाची थाळी सोयीची; काठाला टेकवून घास चमच्यात घेता येतो. खाली ओले फडके अंथरले की थाळी सरकत नाही. कंपवातात वजनदार चमचा काहींना उपयोगी पडतो, सर्वांना नाही. म्हणून आधी वापरून पाहावा.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४पासून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. योजनेच्या माहितीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशी नावे दिसतात; जेवणाच्या चमच्याचे नाव दिसत नाही. घरच्यांनी आणि वृद्धाश्रमांनी त्याची आठवण ठेवायला हवी.

मात्र जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा पाणी पिताना खोकला येत असेल, तर अडचण हाताची नसून गिळण्याची असू शकते. अशा वेळी चमचा बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. कोणते साधन योग्य, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताची पकड तपासून सांगू शकतात.

आणखी एक गोष्ट विकत आणावी लागत नाही: वेळ. भरवले तर जेवण लवकर उरकते. पण स्वतःच्या हाताने जेवणाऱ्याजवळ घाई न करता बसले, तर ताटातली भाकरी संपण्याची शक्यता अधिक.