पायऱ्या, छज्जा आणि लाल रेषा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी आहे ४३ फूट. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीपर्यंत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच.

दुकानाच्या शिलकीतून, थोडे कर्ज काढून, शहरात लहानशा प्लॉटवर तीन पिढ्यांसाठी घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच प्रथम पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. (२००५ धरून सोळा वर्षांत तीन महापूर अनुभवलेल्या कोल्हापूरकराला हा हिशेब काहीसा विनोदीच वाटेल.) निळ्या रेषेच्या आत नव्या घराचा विचारच सोडावा. दोन रेषांच्या दरम्यान जोते लाल रेषेच्या वर न्यावे लागते आणि भरावाचा खर्च अंदाजपत्रक पोखरतो.

मग काटकसर कोठे करावी? डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे सामासिक अंतरे सोडल्यावर हाती उरते ती जागा साधी चौकोनी ठेवावी; प्रत्येक कोपरा व खाचखळगा पुढे गळतीचे निमित्त होतो. न्हाणीघरे एकावर एक घ्यावीत. नळ भिंतीत गाडण्याऐवजी बाहेरून, हात पोहोचेल असे न्यावेत. दिसायला बरे नाही, परंतु गळती झाल्यास टाइल फोडावी लागत नाही. जमिनीला शहाबादी फरशी पुरते. दर्शनी भागावरील महागडी सजावट तर खुशाल वगळावी.

दोन ठिकाणी मात्र हात आखडू नये. आपला पाऊस नैऋत्येकडून वाऱ्यासह येतो, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्यांवर नियमात बसेल तेवढा रुंद छज्जा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. गच्चीला शंभर इंचांस एक इंच उतार हवा. हे चुकले की दर पावसाळ्यानंतर रंगारी दारात उभा!

उंच जोत्याची खरी अडचण घरातील वडीलधाऱ्यांना होते. पायऱ्या वाढतात, आणि आजींची खोली तळमजल्यावरच हवी असते. अशा वेळी पायरीची उंची सहा इंचांपर्यंत ठेवावी, मध्ये विसाव्याचा एक रुंद टप्पा घ्यावा, दोन्ही बाजूंना कठडा बसवावा. जागा थोडी अधिक जाते. ती दिवाणखान्यातून कापावी.