कसबा पेठ आणि मुठेचे पाणी

पुण्याच्या अनेक पेठांना वारांची नावे आहेत, काहींना सरदारांची आहेत. कसब्याला यांपैकी एकही नाही. याचे कारण साधे आहे. बाकीच्या पेठा वसण्यापूर्वी पुणे म्हणजेच हा कसबा होता. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख येतो. म्हणजे या वस्तीचे वय शनिवारवाड्याच्या वयाच्या चौपटीहून अधिक भरते.

आमच्या पूर्वजांनी ही जागा का निवडली, हे नकाशा पुढे ठेवला की ध्यानात येते. उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी, आणि पश्चिमेस त्या काळी वाहणारा आंबिल ओढा. पाणी तिन्ही अंगांना. वस्ती मात्र मधल्या पांढरीच्या उंचवट्यावर. पाणी हाताशी असावे परंतु दाराशी येऊ नये, असा हा हिशेब होता. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत आंबिल ओढा पर्वतीजवळून वळविण्यात आला आणि त्याच्या जुन्या पात्राची जमीन वस्तीला मोकळी झाली. नदीला मागे सारून जागा मिळविण्याची आपली हौस काही आजची नव्हे!

मध्यंतरी कसब्यावर वाईट दिवस आले. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणे उद्ध्वस्त केले नि गाढवाचा नांगर फिरविला. जिजाबाई व बाल शिवाजी येथे आल्यावर वस्ती पुन्हा भरू लागली. कसबा गणपती व लालमहाल ही त्या काळाची खूण. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाएस्ताखानावरचा छापा याच मोहल्ल्यात पडला. आजचा लालमहाल मात्र पुष्कळ नंतर बांधलेला आहे, हे पाहुण्यांना सांगितलेले बरे.

इतिहास म्हटला की आपण वाड्यांपाशी थांबतो. मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या कसब्याच्या आळ्या. तांबट आळी, बुरूड आळी, फणी आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. नावे वाचली की गावाच्या गरजांची यादीच वाचल्यासारखे होते. कुंभार नदीच्या अगदी लगत, कारण त्यांना माती नि पाणी दोन्ही लागे. त्यांच्यापैकी पुष्कळजण पुढे मुंढव्याकडे गेले. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज मात्र कमी होत होत का होईना, अजून ऐकू येतो.

आता पिण्याच्या पाण्याकडे वळू. गाव वाढले तसे नदीचे नि आडांचे पाणी पुरेना. १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तेथून बंदिस्त दगडी नळाने पाणी शहरात आणले. या योजनेत यंत्र नाही की पंप नाही. कात्रज उंच, शहर सखल. तेवढ्या उतारावर पाणी आपोआप चाले. वाटेत गाळ बसावा आणि हवा खेळावी म्हणून उच्छ्वास ठेवलेले. शहरात जागोजाग हौद बांधले, नि लोक तेथून घागरी भरून नेत. कसब्यातील फडके हौदाचे नाव चौकाला राहिले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत, १८६९ ते १८७९ या काळात, खडकवासल्याचे धरण झाले, आणि कालांतराने घरोघर नळ आले.

ही सोय मोठीच. परंतु पाणी जसजसे दुरून येऊ लागले तसतशी आम्ही नदीकडे पाठ फिरविली. जिच्या काठी पाणी भरावयाचे, तिच्यात सांडपाणी सोडावयाचे, असा व्यवहार झाला. घाट ओस पडले, सखल भागात घरे दाटली, आणि पूर ही आजोबांच्या गोष्टीतली बाब ठरली.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे नवे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचेही फोडले. लकडी पुलावरून पाणी गेले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांच्या नदीकडच्या भागांत मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात विरघळल्यासारखे बसले. हजारो कुटुंबे उघड्यावर आली, नि त्यांच्यासाठी शहराबाहेर नव्या वसाहती उभाराव्या लागल्या. शिवाय खडकवासला रिता झाल्यामुळे, पुरात बुडालेल्या गावाला प्यावयास पाणी नाही, अशी विपरीत स्थिती आली. धरण फुटणे हा माणसांच्या हातून घडलेला अनर्थ होता, नदीचा त्यात दोष नाही. परंतु पाण्याने घेतलेली वाट नदीचीच होती. कसब्याच्या उंचवट्याचा माथा नि सखल आळ्या यांच्या नशिबात त्या दिवशी जो फरक पडला, तो बसविणाऱ्यांनी शतकांपूर्वीच ओळखला होता.

आज पात्रालगत निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा आखतात. पहिली पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतल्या पुराची. तरीही पात्रातून रस्ता गेला, भिडे पूल इतका ठेंगणा बांधला की खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटला की तो पाण्याखाली जातो, आणि मेट्रोचे खांबही नदीकाठानेच आले. मेट्रोची सोय मी नाकारीत नाही. २०२४ पासून ती कसब्याच्या खालून धावते व म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचवते. मात्र पात्रात भराव टाकताना ते कोणाच्या दारात पाणी ढकलणार आहे, हे नागरिकांनी विचारले पाहिजे.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी एखाद्या सकाळी कसबा गणपतीपासून निघून तांबट आळीवरून कुंभारवाड्याकडे पायी उतरावे. वाहनातून हा उतार जाणवत नाही. चालताना जाणवतो, आणि परत येताना, विशेषतः हातात भरली पिशवी असली म्हणजे, फारच जाणवतो.