चिऱ्यावरचे घाव

हेदवीच्या दशभुज लक्ष्मीगणेशाची गोष्ट गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ असते. पेशवाईच्या काळात केळकर स्वामींनी देऊळ उभारलं आणि पांढऱ्या पाषाणाची मूर्ती काश्मीरहून आणवली, असं सांगतात. मात्र गावातल्या जुन्या भिंतींचे चिरे कुणी काढले, कुणी तासले, हे विचारलं की समोरचा माणूस सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, दिशेने हात करून मोकळा होतो. मूर्तीला आख्यायिका मिळाली, भिंतीला मिळाली नाही. मला तर हेदवीत आलं की भिंतीच वाचाव्याशा वाटतात.

त्यासाठी उतरत्या उन्हात, गिलावा न चढलेल्या एखाद्या जुन्या जोत्यापाशी उकिडवं बसावं. हाताने तासलेल्या चिऱ्यावर तिरक्या घावांच्या ओळी उमटलेल्या असतात. घाव सुरुवातीला खोल आणि पुढे विरत गेलेला. हत्यार कुठल्या बाजूने आलं, हे त्यावरून कळतं. शेजारच्या नव्या कुंपणाचे चिरे यंत्राच्या गोल पात्याने कापलेले. त्यांच्यावर एकसारख्या कमानदार रेघा. भिंत कुठल्या जमान्यातली, हे ओळखायला एवढं पुरतं.

हे चिरे जांभा दगडाचे. जांभा मूळचा कोकणातला काळा कातळच. पाऊस आणि ऊन यांनी लाखो वर्षं तो कुजवला, विरघळणारं वाहून गेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. लाल रंग त्या लोहाचा. हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या बामणघळीत भरतीचं पाणी ज्या कातळात घुसून उसळतं, तो न कुजलेला काळा दगड. वर सड्यावर लाल, खाली समुद्राशी काळा. जांभ्याला शास्त्रीय नाव मिळालं ते 1807 साली. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अंगाडिपुरमला हा दगड विटांसारखा कापताना पाहिला होता. लॅटिनमध्ये विटेला ‘लॅटर’ म्हणतात, त्यावरून त्याने ‘लॅटराइट’ केलं. म्हणजे जगभरच्या भूगर्भशास्त्रातला हा शब्द आला तो खाणीवर राबणाऱ्या माणसांच्या कामावरून. नाव मात्र बुकाननचं राहिलं.

खाणीतून नुकता निघालेला जांभा मऊ असतो. हवा लागली, वाळला, की टणक होतो. म्हणून तासायचं ते ओला असतानाच. जांभ्यात खोदलेल्या विहिरीला वरच्या भागात बांधकाम लागत नाही, कापलेला कातळच भिंत होतो. माती लागली की मात्र चिरे रचावे लागतात. गडग्याचं शास्त्र आणखी वेगळं. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवायचा आणि सांधीत कपऱ्या ठोकायच्या. आडमाप पावसात पाणी फटींतून निघून जातं, म्हणून गडगा टिकतो. हल्ली हौसेने सिमेंट भरतात आणि मागे पाणी तुंबून भिंत ढासळली की दोष पावसाला देतात!

अशा गोष्टींची नोंद कशी करायची, याचा उत्तम नमुना आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडेच्या सडे पायाखाली घातले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत कातळशिल्पं शोधली. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, कागदावर नव्हती. कशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षी, बारसू, देवीहसोळ... 2022 साली कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी जांभ्यावर कोरणाऱ्यांची दखल आपण घेतली; पन्नास वर्षांपूर्वी जांभा कापणाऱ्यांची नाही. आणि यातले काही जण अजून ओटीवर बसलेले सापडतात.

शब्दही टिपायला हवेत. चिरा, गडगा, पाखाडी, जोतं, सडा. घराचं बांधकाम ठेकेदाराकडे गेलं की हे शब्द आधी बिलातून जातात, मग बोलण्यातून.

माझी वही अशीच भरत चालली आहे. एका विहिरीची मापं मी घेतली, व्यास, खोली, थर, सगळं; घरी येऊन फोटो पाहिले तेव्हा कळलं की मुख्य गोष्ट टिपलीच नव्हती. काठाच्या एकाच थरात बहुतेक चिऱ्यांवरचे घाव उजवीकडून डावीकडे उतरतात. मध्येच सलग चार चिऱ्यांवर ते उलटे आहेत. तिथला कारागीर डावखुरा असावा.