माळवदाचा दुसरा मसुदा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतील गावे नुकती कोठे निजली असताना, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्याने सुमारे आठ हजार माणसांचे प्राण घेतले. आणि ज्या भिंतींच्या आश्रयाने ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपत आली होती, त्याच भिंतींखाली ती गाडली गेली. शासकीय नकाशात तोवर हा मुलूख भूकंपाचे भय सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात गणला जात होता. साहजिकच सारा ठपका दगडावर आला. दगडाचे घर आता नकोच, हा आक्रोश इतका खरा होता की त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

नव्या वसाहतींच्या पहिल्या मसुद्यावर या भयाची छाया पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने जी पुनर्वसनाची योजना मंजूर झाली तिच्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. काटकोनातले रस्ते, रांगेने घरे, आणि जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचा इमला. घाई समजण्यासारखी होती, कारण माणसे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती. परंतु ढाळज, चौक, ओसरी, धान्याचे बळद आणि दावणीची गुरे यांना ज्या रचनेत स्थान नाही, ती रचना शहराची असते. कुणब्याचे घर तिच्यात मावत नाही. म्हणून लोकांनी त्या इमल्यांना पुढून ओसऱ्या काढल्या, मागे गोठे घातले, आणि दफ्तरातल्या नकाशाला आपल्या संसाराची दुरुस्ती हळूहळू सुचवली. या वाढीव बांधकामाला बेशिस्त म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती त्या मसुद्यावरची सर्वांत जाणती टीका वाटते.

ज्या गावांत घरे पडली नाहीत, नुसती तडकली, तेथे मात्र निराळी तजवीज झाली. दुरुस्तीसाठी कंत्राटदाराऐवजी घरमालकाच्याच हाती हप्त्याहप्त्याने रक्कम देण्यात आली, आणि काय करावे हे समजावून सांगण्यासाठी गावातल्याच स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. अनेकांनी त्या पैशात जुने घर तसेच ठेवून शेजारी काँक्रीटची एक खोली उभी केली, हेही खरे. भयाला तेवढे माफ असावे.

जुन्या घराचे नेमके काय चुकले होते, हे औसा तालुक्यातील एका गावी अशी दुरुस्ती जवळून पाहताना माझ्या ध्यानी आले. मिस्त्रींनी भिंतीला हात न लावता आधी माळवद उकरायला घेतले. लातूर-नांदेडकडे मृगाच्या आधी छपरावर पांढरी माती पसरण्याचा प्रघात आहे. पण जुना थर काढायचा नाही आणि नवा टाकायचा, असे चालत गेले की दोन-दोन फूट मातीचा भार माणसांच्या डोक्यावर साचतो. कुदळीने कापलेल्या कडेला ते थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. घमेली भरभरून माती खाली आली. उरलेल्या पातळ थरात पाणी अडवायला प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला. खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे तिरपी लाकडे ठोकली. सागाचा सांगाडा पुष्कळ घरांत भूकंपानंतरही उभाच राहिला होता, हे येथे आठवावे.

मग भिंत. बाहेरून ती तीन फूट रुंद, एकसंध आणि अभेद्य दिसते. वस्तुतः ते दोन सुटे पदर असतात आणि मधे चिपा व चिखल भरलेला असतो. जमीन हादरली की पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. मिस्त्रींनी पहारेच्या टोकाने एक दगड हलकेच सैल केला, मागची माती सळईने कोरून काढली, आणि शेजारचा दगड न हलवता पलीकडचा उजेड दिसेपर्यंत आरपार भोक पाडले. अर्धे काँक्रीट, त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई, वर पुन्हा काँक्रीट. "दगूड दोन्ही अंगानं धरला पायजे साहेब, नुस्ता टेकून ठिवला तर जाग्यावर ऱ्हाईल का?" असे ते म्हणाले आणि पुढच्या खुणेकडे वळले. दर दोन फूट उंचीवर आणि आडवे चार फुटांच्या आत असा एक सांधा हवा, ही गोष्ट भूकंपाच्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानकातही नमूद आहे.

त्याच घराच्या मागे स्वयंपाकघराची नवी भिंत चालू होती. दगड जुनाच, रुंदी मात्र अठरा इंच, दोन्ही पदरांत गुंतणारे लांब दगड आधीच वेचून बाजूला ठेवलेले, आणि दारांच्या डोक्यावरून चौफेर फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यासाठी सळया बांधून तयार. छपराला साणे ठेवणार का, एवढीच घरच्या आजींची चौकशी होती, कारण चुलीचा धूर खिडकीने नीट जात नाही. "ठिवतो की आजी," असे म्हणून मिस्त्रींनी त्याची जागा तुळयांच्या मधोमध दोरीने आखून दिली.