एकट्याचा डाव

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नांदेडला आजोबांकडे जायचो. दुपारी बाहेर ऊन रणरणत असे, सारे घर निजलेले असे आणि ओसरीवर आजोबा एकटेच ‘पेशन्स’ लावून बसलेले असत. पत्त्यांचे सात ढीग, काळ्या दश्शीवर लाल नव्वी...

एकदा मी विचारले, ‘‘आजोबा, हा एकट्याचा खेळ कुणी काढला?’’

‘‘ज्याला सोबत नव्हती त्यानं,’’ ते म्हणाले. आजी जाऊन तेव्हा वर्षच झाले होते.

पुढे मी उत्तर शोधले. नांदेडच्या सीमेपलीकडे निर्मलला हाताने रंगवलेले गंजिफे बनत. पण त्या खेळाला तीन-चार जण लागत. पेशन्स युरोपातला. त्याचे सर्वांत जुने ज्ञात वर्णन १७८३च्या एका जर्मन पुस्तकात आहे. सेंट हेलेनाच्या कैदेत नेपोलियनने हा खेळ शोधला, अशी दंतकथा आहे. पण नेपोलियन तेथे पोहोचला १८१५मध्ये! खरा जनक अज्ञातच राहिला.

नावे सापडतात ती नंतरची. १९४६मध्ये गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम मेंदूच्या आजारातून बरे होत असताना ‘कॅनफिल्ड’ नावाचा पेशन्स खेळत. डाव सुटण्याची शक्यता किती? कागदावर हिशेब अवघड. त्यापेक्षा शंभर डाव मांडून सुटलेले मोजावेत, असे त्यांना वाटले. त्यातून ‘माँटे कार्लो’ ही गणिती पद्धत निघाली आणि अणुसंशोधनात वापरली गेली.

१९८८मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या वेस चेरीने पेशन्स विंडोजसाठी लिहिला. १९९०मध्ये ‘विंडोज ३.०’बरोबर तो जगभर गेला. असंख्य हातांना माउसची सवय त्यानेच लावली. चेरीला मात्र रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही.

आता आजोबा नाहीत. लातूरला निवृत्त वडील मोबाईलवर तोच डाव मांडतात. पुण्याहून फोन केला, की म्हणतात, ‘‘काही नाही, पत्ते लावतोय.’’

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा शेजारी बसलो. ‘‘बाबा, ती चौकटची राणी उचला ना.’’ त्यांनी उचलली. तरीही डाव सुटला नाही.

त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला, कपाटातून आजोबांचा जुना कॅट काढला आणि पिसत विचारले,

‘‘रमी वाटू का? दोघं आहोत ना आज.’’