लैंगिक अत्याचारानंतरची वैद्यकीय तपासणी

लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय तपासणीत पीडितेवर उपचार करणे आणि तिच्या संमतीने न्यायवैद्यक पुरावा गोळा करणे, ही दोन्ही कामे येतात. भारतात दीर्घकाळ उपचार मागे पडत, आणि जमवलेला पुरावाही पुष्कळदा पीडितेच्याच विरोधात वापरला जाई.

पार्श्वभूमी

२६ मार्च १९७२ रोजी देसाईगंज (आता गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. दोन पोलीस आरोपी होते. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत अंगावर जखमा आढळल्या नाहीत. योनिमार्गात दोन बोटे सहज जातात, अशी नोंद झाली. तिला शरीरसंबंधांची सवय होती, असे म्हणत सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. पण जखमा नाहीत म्हणून प्रतिकार झाला नाही, या तर्काने सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. त्यावर पुण्याच्या वसुधा धगमवार, तसेच उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि देशभर आंदोलन उभे राहिले.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कारात, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करण्यास याच दुरुस्तीने बंदी घातली. हा खटला मात्र आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो.

दोन बोटांची चाचणी

कायदा बदलला तरी ही चाचणी रुग्णालयांत चालूच राहिली. योनिमार्गाच्या सैलपणावरून अत्याचार झाला की नाही हे ठरत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांतील त्रुटींचा अहवाल मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली, आणि ती करणे हे गैरवर्तन मानले जाईल, असे ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले.

सध्याची पद्धत

लातूर जिल्ह्यातील अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावीही पीडितेने आधी पोलिसांत तक्रार द्यावीच, अशी अट रुग्णालयाला घालता येत नाही. सरकारी वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार देणे २०१३ पासून बंधनकारक आहे; नकार देणे हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, म्हणून येथे विलंब महागात पडतो. आंघोळ केली, कपडे धुतले, तरी तपासणी व उपचार टाळण्याचे कारण नाही. पीडिता तपासणी नाकारू शकते, आणि तिने नाकारली तरी उपचार थांबवता येत नाहीत. अल्पवयीन मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने, पालक किंवा मुलीच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावी लागते.